वहिनींची हरकत

माझ्या मोठ्या जाऊबाईंना ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. मी वहिनी म्हणते, कारण माझा नवरा म्हणतो. आम्ही एकाच घरात राहतो, त्या खाली आणि मी वर. कामालाही एकाच ऑफिसात, मी आतल्या खोलीत आणि त्या दाराशी. म्हणजे सकाळच्या चहापासून झोपेपर्यंत माझी त्यांच्या तावडीतून सुटका नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा उगाच कुणी चहाडी करायला जाऊ नये.

बाई मनाने वाईट नाही, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकदा नाही म्हणाल्या की संपलं. माझे दीर म्हणतात, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी जिना रंगवीन. आमचा जिना आजवर चार वेळा रंगवून झाला आहे.

या ऑफिसात येण्याआधी वीस वर्षं त्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. आवाजावरून माणूस ओळखायच्या. मग एक दिवस आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. मॅनेजरने हातात फुलं दिली, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि एक कागद पुढे सरकवला. वहिनींनी सही केली आणि उठल्या. "मुकाट्याने उठले गं," त्या अजून सांगतात. "एक शब्द बोलले नाही. आयुष्यात तेवढी एक चूक पुरे." ते घड्याळ त्यांनी घरी न लावता आमच्या ऑफिसात आणून आपल्या टेबलासमोर टांगलं आहे. का, ते विचारायची माझी हिंमत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि खिडकीतून दिसणारं गाड्यांचं आवार. ज्या आजारी माणसांना ठरल्या दिवशी दवाखान्यात जावंच लागतं आणि एकट्याने जाता येत नाही, त्यांना आम्ही घरून नेतो आणि घरी आणून सोडतो. गाडी मागवायची आमच्या वेबसाइटवरून, पुढच्या आठवड्याची या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. मागवली तर गाडी दारात, नाही मागवली तर नाही. पूर्वी फोनवरूनही मागवता यायची. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं आणि वहिनींचा फोन उरला तो फक्त वेबसाइटवर अडलेल्यांसाठी. वेबसाइट मी लिहिते. म्हणजे मी लोकांना अडवते आणि त्या सोडवतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या टेबलामागे पत्र्याचं एक कपाट आहे. त्यात अकरा जुनी यंत्रं होती. टॅब्लेट, फोन, दोन लॅपटॉप, त्यातल्या एकाचं झाकण दोरीने बांधलेलं. फोन करणाऱ्याकडचं यंत्र फारच जुनं निघालं, की वहिनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जायच्या आणि अगदी तस्संच, भंगारात निघालेलं, त्याच्या मागे लागून घेऊन यायच्या. मग त्यावर चिठ्ठी. कंपनीचं नाव नाही, माणसाचं. 'वरच्या मजल्यावरच्या आजी', 'बहिरे काका', 'दोन कुत्रीवाली', 'मास्तर'. त्या माणसाचा फोन आला, की त्याच्या नावाचं यंत्र मांडीवर घ्यायचं आणि तो तिकडे जे दाबेल ते इकडे दाबायचं. "खाली निळा चौकोन आला? माझ्याकडे अजून नाही आला. घाई करू नका, दोघांकडे येईल." मी आतून ऐकायचे आणि हसायचे. एवढ्यात तर चालत जाऊन यांना गाडीत बसवून आल्या असत्या, असं मी एकदा बोललेही. त्या म्हणाल्या, "तू पान नीट लिही, मग मी चालायला जाईन."

त्यातले मास्तर म्हणजे शिंपी. सत्तरी ओलांडलेले, एकटे. मूत्रपिंडं थकलेली, त्यामुळे सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, म्हणजे चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं आणि रक्त धुऊन घ्यायचं. चुकवून चालत नाही. त्यांच्याकडे मुलीने परगावी जाताना दिलेला एक टॅब्लेट. त्यातला ब्राउझर, म्हणजे वेबसाइटची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम, कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. नवा त्यावर चढत नाही, आणि टॅब्लेट मोडत नाही. मास्तर म्हणायचे, चालणारी वस्तू टाकायची कशी.

दर शुक्रवारी अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन. मग पान उघडेपर्यंत दोघं मोजत. एक, दोन, तीन. माझं पान त्या टॅब्लेटवर चाळिसाला उघडायचं, एखाद्या दिवशी पंचेचाळिसाला. मोजता मोजता मास्तर मध्येच दिरांच्या कोटाचं अस्तर कसं बदलायचं ते सांगायचे, मग आकडा चुकायचा आणि दोघं एकमेकांवर ढकलायचे. शेवटी निळा चौकोन यायचा आणि सोमवार-गुरुवारची गाडी लागायची.

तर आमच्या साहेबांनी ठरवलं, की आता जुन्या ब्राउझरना आत घ्यायचं नाही. साहेब माणूस भला, फक्त सगळं नीटनेटकं लागतं. टेबलावर पेन्सिलीसुद्धा लांबीप्रमाणे लावतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. जुन्या ब्राउझरला भोकं असतात, त्यातून आजारी लोकांची माहिती चोरीला जाऊ शकते. शिवाय नवं काही केलं, की जुन्यांसाठी ते पुन्हा वेगळं करावं लागतं. म्हणून पुढच्या बुधवारपासून जुना ब्राउझर दिसला, की पान उघडायचंच नाही. त्याऐवजी एक सूचना: 'या उपकरणावर ही सेवा यापुढे उपलब्ध नाही. कृपया ब्राउझर अद्ययावत करा.' खाली एक बटण. ऑफिसात आम्ही तिला भिंत म्हणायचो.

आता मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या जुन्यांपायी माझ्या नाकी नऊ आले होते. ती सूचनाही मीच लिहिली आणि साहेबांना दाखवायला आकडेही मीच काढले. आमची अडीच हजार माणसं. त्यात जुने ब्राउझर शून्य पूर्णांक दोन टक्के. म्हणजे पाच माणसं.

बैठकीला साहेब, मी आणि वहिनी. साहेबांनी आलेख पडद्यावर दाखवला.

"शून्य पूर्णांक दोन," ते म्हणाले. "शंभरात एक माणूससुद्धा नाही."

"एकसुद्धा नाही म्हणजे?" वहिनींनी विचारलं. "नुसता हात येतो का गाडीत बसायला, की पाय?"

"एकूण पाच माणसं येतात, ऑपरेटरबाई."

"पाच कशी येतील? माझ्या कपाटातच अकरा आहेत."

साहेब हसले. कपाटातल्या लोकांनी मधल्या काळात नवे फोन घेतले असतील, असं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मी त्यांच्याशी दर आठवड्याला बोलते, मला माहीत नसेल तर कुणाला असेल. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत." अगदी ठणकावून म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलंच नाही.

आमच्याकडे नवं काही चालू करायच्या आधी एक कागद फिरतो. वर लिहिलेलं असतं 'आमची हरकत नाही' आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. आजवर कुणी वाचूनसुद्धा पाहिला नसेल. वहिनींनी पेन घेतलं, 'नाही' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं 'आहे'. मग सही. सहीखाली अकरा चिठ्ठ्यांवरची अकरा नावं, शेवटी 'यांच्यातर्फे'.

"फोनविभागाची सही फक्त माहितीसाठी असते," साहेब शांतपणे म्हणाले. "त्याने काही अडत नाही. आणि खरं सांगू का, भिंत लागली की जुन्यांचे फोनच येणार नाहीत. महिनाअखेर हा विभाग बंद करायचा विचार आहे. तुमच्यासाठी दुसरं काही तरी बघू. कपाटाची चावी तेवढी देऊन ठेवा, ते भंगार हलवायचंय."

"चावी आहे," वहिनी म्हणाल्या. "देणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याजवळ आहे आणि ती मी देणार नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?"

साहेबांनी एक पेन्सिल उचलली, परत जागेवर ठेवली आणि बैठक संपली.

घरी आम्ही दोन दिवस बोललो नाही. माझा नवरा आणि दीर जिन्यात उभे राहून कुजबुजत होते, कुठला रंग आणायचा ते ठरवत असतील. रविवारी दुपारी भांडी घासताना वहिनींनीच तोंड उघडलं. त्या घासत होत्या, मी विसळत होते.

"तुझे ते पाच. मोजले कुणी?"

"मी."

"तू बसून मोजतेस?"

"नाही हो. पान उघडलं की त्यातच चार ओळी असतात, त्या आपोआप नोंद करतात. हा ब्राउझर आला, तो आला."

"आणि त्या चार ओळी जुन्यांना वाचता येतात?"

मी नळ बंद केला. त्या ओळी मी गेल्याच वर्षी नव्या पद्धतीने लिहिल्या होत्या, मोठ्या हौसेने. जुना ब्राउझर त्या वाचूच शकत नाही, सोडून देतो आणि पुढचं पान कसंबसं उघडतो. म्हणजे ज्याला वाचता येत नाही, त्यालाच मी हजेरीपुस्तकात सही करायला सांगत होते, आणि सही नाही म्हणून गैरहजर धरत होते.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि पातेलं दुसऱ्यांदा विसळलं.

बुधवारला तीन दिवस होते. सर्व्हरवर, म्हणजे आमच्या मुख्य कॉम्प्युटरवर, वेगळी नोंद असते. पान उघडो न उघडो, कुणी दार वाजवलं आणि कोणत्या ब्राउझरने वाजवलं, ते तिथे लिहिलं जातं. ती बघायला मला अर्धा तास पुरला असता. मी बघितली नाही. बघितली असती, तर साहेबांसमोर चुकले म्हणावं लागलं असतं. त्याहून वाईट म्हणजे जावेसमोर. मी मूग गिळून बसले आणि बुधवारी सकाळी माझ्या हाताने भिंत चढवली.

शुक्रवारी अकरा वाजले. वहिनींनी मास्तरांचा टॅब्लेट मांडीवर घेतलेला. फोन वाजला नाही. सव्वाअकरा, साडेअकरा. वहिनींनी केला, तर तिकडे कुणी उचलेना. मी आतून म्हटलं, "जमलं असेल त्यांना." त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. संध्याकाळी साहेब आनंदात बाहेर आले. या आठवड्यात तक्रारींचे फोन निम्मे झाले म्हणे. होणारच. मदतीचा नंबर त्याच पानाच्या आत होता, जे आता उघडत नव्हतं.

सोमवारी दुपारी गाड्या परत आल्या तशा वहिनी आवारात गेल्या. ड्रायव्हरने यादी दाखवली. मास्तरांचं नाव नव्हतं. वहिनी परत आल्या, पर्स उचलली आणि माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चल," त्या म्हणाल्या. मी गेले.

मास्तरांची खोली म्हणजे एक पलंग, एक शिलाईमशीन आणि मशीनच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला तो टॅब्लेट. दार उघडायला त्यांना वेळ लागला. पाय सुजून मोज्यांच्या कडा आत रुतल्या होत्या. ते बसने गेले होते, दोन बस बदलून. पोचायला उशीर झाला, नंतरच्या माणसाची वेळ झाली होती, म्हणून चार तासांऐवजी अडीचच तास मिळाले. परत येताना थांब्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कुणीतरी धरून बसवलं. हे सगळं त्यांनी दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

"मला फोन करायला काय झालं होतं?" वहिनी कडाडल्या. "नंबर आहे ना तुमच्याकडे? आणि मी केला तेव्हा का नाही उचललात?"

"आहे की."

"मग?"

"पानावर लिहिलं होतं, सेवा यापुढे उपलब्ध नाही. मी कपडे शिवले जन्मभर, पण वाचता येतं मला." त्यांनी टॅब्लेटवरून हात फिरवला. "बटणही दाबून पाहिलं, पांढरं झालं सगळं. म्हटलं, आपली मुदत संपली असेल. आता तुम्हाला फोन करायचा, मग तुम्ही माझ्यासाठी भांडणार, त्यात तुमची नोकरी जायची. म्हणून उचलला नाही."

'यापुढे उपलब्ध नाही' हे शब्द माझे होते. चांगले वाटले होते मला, नेमके आणि सभ्य. तिथे त्या खोलीत मला इतकी लाज वाटली, की मी वर मान करून मास्तरांकडे बघू शकले नाही. वहिनींनी मात्र बसून त्यांचे मोजे हलक्या हाताने काढले, पायांखाली उशी ठेवली आणि तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. "गुरुवारी मास्तरांना घ्यायचं. यादीत नाहीत? यादी गेली खड्ड्यात. मी सांगतेय ना."

परतताना रस्त्यात मी सांगून टाकलं. मोजणाऱ्या ओळी, सर्व्हरची नोंद, रविवारीच कळलं होतं तेही. मला वाटलं, आता भर रस्त्यात माझा उद्धार होणार. वहिनींनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मीही एकदा गप्प बसून सही केली होती," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता बघशील ती नोंद?"

"आठला."

"साडेसातला जाऊ."

साडेसातला गेलो. पाच नव्हते. दोनशे सत्तर होते. नऊ माणसांत एक. कितीतरी जणांनी बुधवारपासून चार-चार, सहा-सहा वेळा दार वाजवलं होतं आणि मग वाजवणं सोडलं होतं. मी कागदावर छापून काढलं, तर वहिनी म्हणाल्या, "आकडे राहू दे. आकड्यांनीच हे झालंय." त्यांनी कपाट उघडलं, मास्तरांच्या नावाचा टॅब्लेट काढला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग, कागद घेऊनच.

"साहेब," त्यांनी टॅब्लेट पेन्सिलींच्या शेजारी ठेवला, "मास्तरांना सोमवारची गाडी मागवून द्या."

"हे काय आता?"

"तुमचंच पान आहे. मागवा."

साहेबांनी पत्ता उघडला. भिंत आली. त्यांनी सूचना वाचली, माझ्याकडे पाहिलं, मग खालचं बटण दाबलं. ते बटण नवा ब्राउझर घ्यायच्या पानावर नेतं. आणि ते पान जुन्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. हेही मी कधी दाबून पाहिलं नव्हतं. पडदा पांढरा झाला.

वहिनींनी मोजायला सुरुवात केली. मोठ्याने. "एक. दोन. तीन."

"ऑपरेटरबाई, मला कळलं."

"सात. आठ."

साहेब पुन्हा बटण दाबायला लागले. पांढरंच. सोळा, सतरा. बाहेर ड्रायव्हर लोक काचेतून बघायला लागले. तिसाला साहेब म्हणाले, "पुरे." वहिनी थांबल्या नाहीत. कंटाळा नाही, घाई नाही, शुक्रवारी मास्तरांबरोबर मोजायच्या त्याच चालीने त्यांनी चाळिसापर्यंत मोजलं आणि मगच हात टेबलावर टेकले.

"पूर्वी चाळिसाला उघडायचं," त्या म्हणाल्या. "मास्तर काल बसने गेले आणि रस्त्यात पडता पडता वाचले. असे किती आहेत ते ही सांगेल. हिने चूक केली आणि ती कबूल करायला आलीय. तुम्हाला काय करायचं ते ठरवा. मी माझी खुर्ची सोडत नाही आणि चावी देत नाही."

मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तो टॅब्लेट हलकेच बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पण भोकांचं काय? माहिती चोरीला गेली तर जबाबदारी माझी आहे."

ते खरंच होतं, आणि त्याचं उत्तर मी रात्रभर विचार करून आणलं होतं. भिंतीच्या जागी एक साधं पान. चित्र नाही, हलणारं काही नाही, त्या चार ओळीसुद्धा नाहीत. माणसाचा नोंदणी नंबर, दिवस, गाडी दारात की गल्लीच्या तोंडाशी, आणि एक बटण. आजाराची माहिती त्यावर दिसणारच नाही, तर चोरणार काय? वर मोठ्या अक्षरात वहिनींचा फोन नंबर.

"दोन आठवडे देतो," साहेब म्हणाले. "मग बघू."

"बघा," वहिनी म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी विचारलंत तरी हेच सांगेन."

भिंत मी त्याच तासाला उतरवली. ते साधं पान लिहायला दीड दिवस लागला, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं काम. पण चालू करायला मिळेना, कारण हरकतीचा कागद वहिनींनी अडवून धरला. अकराच्या अकरा यंत्रं टेबलावर मांडून प्रत्येकावर त्यांनी स्वतः गाडी मागवून पाहिली. नऊ चालली. दोरीने बांधलेला लॅपटॉप आणि 'बहिरे काका' इतकी जुनी, की चोरी होऊ नये म्हणून नव्या पानाला लावलेलं कुलूपच, म्हणजे माहिती सांकेतिक करणारी सोय, त्यांना ओळखता येईना. माझा चेहरा पडला.

"त्या दोघांना मी शुक्रवारी स्वतः विचारून गाडी मागवीन," त्या म्हणाल्या. "काकांना ऐकू येत नाही, त्यांच्या सुनेला विचारीन. म्हणून तर फोन लागतो, हे साहेबांना तूच सांग." मग त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. या खेपेस रेघ मारली नाही.

पान पुन्हा उघडतंय, असा निरोप ड्रायव्हरने गुरुवारीच मास्तरांना दिला होता. शुक्रवारी मी आतलं काम सोडून वहिनींच्या टेबलाशी येऊन उभी राहिले. अकरा वाजले. टॅब्लेट मांडीवर, हात फोनवर. फोन वाजला नाही. वहिनींनी मांडीवरच्या टॅब्लेटवर पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मी धावत आत गेले आणि सर्व्हरची नोंद उघडली. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्या जुन्या टॅब्लेटने दार वाजवलं होतं, आणि अकरा वाजून एक मिनिटाने गाडी लागली होती. सोमवार, गुरुवार, दारात.

मी बाहेर येऊन सांगितलं. वहिनींनी टॅब्लेट खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसला. पुसायला काही कारण नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"पान लगेच उघडलं," मास्तर म्हणत होते. आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. "मोजायला वेळच मिळाला नाही, तिनातच आलं."

"मग आता फोन कशाला केलात? गाडी लागली ना?"

"लागली. तुमचा फोन बंद करणार आहेत, असं तो ड्रायव्हर म्हणाला. म्हटलं, बघावं अजून आहात का."

वहिनींनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या शुक्रवारीही करा, पान उघडलं तरी करा. मला उठवायला कुणी आलंच, तर थांबा म्हणेन, आमचं मोजणं चाललंय. आता ते अस्तराचं सांगा, गेल्या वेळी बाहीपर्यंत आलो होतो."

मास्तर बाहीपासून पुढे सांगायला लागले, वहिनी लिहून घ्यायला लागल्या, आणि मी माझ्या खोलीत जाऊन त्या मोजणाऱ्या चार ओळी दुरुस्त करायला बसले.